डावीकडची सीट

बारीक डोक्याचा स्क्रू, आट्यांमध्ये काळं ग्रीस गोठलेलं आणि टोकाला गंजाचा तांबूस ठिपका… ललिताच्या तळहातावर तो मघापासून पडून होता. "काकू, जरा धरता का एवढं?" म्हणून शहाबाजने तो दिला होता आणि स्वतः पाठीवर झोपून गाडीच्या नाकाखाली सरकला होता. धरते की. धरायला काय लागतं. जन्मभर लोकांनी जरा धरा म्हणून हातात दिलेल्या वस्तू — सलाईनची बाटली, कुणाचं तान्हं मूल, कुणी ऑपरेशनला जाण्याआधी रुमालात बांधून दिलेल्या बांगड्या — आणि ड्यूटी संपवून घरी आलं की दीक्षाचं दप्तर, यांचा डबा, यांचा राग… नाही, राग त्यांनी फार कधी केला नाही, उगाच कशाला बोला. स्क्रू हातात गरम झाला होता. शेजारच्या स्टुलावर ठेवून द्यायला कुणी बंदी केली नव्हती, पण तिने ठेवला नाही.

बाबुराव गाडीसमोर हात पाठीशी बांधून उभे होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते तेव्हाची ही सवय — काम दुसऱ्याने करायचं, यांनी बघायचं आणि बघता बघता चूक काढायची. समोर त्यांची फियाट. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी आहे, पण घरात त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही. धुरकट राखाडी रंग, लखलखीत बंपर, आरशाला लटकवलेली छोटी पंचशीलाची पताका. क्वार्टर्समध्ये स्कूटर घेतली तरी लोक पेढे मागायचे त्या काळात बाबुराव सोनकांबळेंनी ही गाडी आणून दारात उभी केली होती, आणि मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरून मुद्दाम दोनदा नेली होती. मला तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, नेली ते बरंच केलं.

"बंपरला भोक पडणार नाही हां शहाबाज. सांगून ठेवतो."

"नाही पाडत काका. खालून पट्टी आवळतोय."

हे तिसऱ्यांदा. आणि शहाबाजने तिसऱ्यांदाही पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर दिलं, आवाजात जराही कंटाळा नाही. त्या चांगुलपणाचाच ललिताला त्रास झाला. म्हणजे दीक्षाने याला फोनवर सगळं सांगितलेलं आहे. नाना पेठेतल्या गाडीच्या इलेक्ट्रिशियनला कळलं, आता राहिलं कोण… ज्यांचं आहे तेच राहिले.

शहाबाज बसवत होता ते दिवे म्हणजे बोटभर रुंदीच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. चावी फिरवली की लागतात, काढली की विझतात, तेही भर दिवसा. रस्ता दिसावा म्हणून नाहीतच ते, दुसऱ्याला आपण दिसावं म्हणून. "बाबा, तुमच्या गाडीचा आणि रस्त्याचा रंग एकच आहे, काही येतंय हे समोरच्याला कळतच नाही," असं दीक्षाने पटवलं होतं, आणि ते खरंच होतं. दीक्षा खोटं बोलत नाही. खरं असतं त्यातलं सोयीचं तेवढं बापाला सांगते आणि उरलेलं आईसाठी ठेवते.

उरलेलं म्हणजे खडकवासला. गेल्या महिन्यात बाबुराव सकाळी ब्रेड आणायला म्हणून गाडी घेऊन गेले आणि दुपार टळून गेली तरी आले नाहीत. मग एका कणीसवाल्याचा फोन आला — "मावशी, तुमचं मालक हितं धरणावर बसल्यात, गाडी चालू होईना म्हनत्यात." हल्ली मोटरसायकलींचे दिवे दिवसाही चालू असतात, तसा नियम आला असणार, मग आपण मागे का राहा, म्हणून त्यांनी घरातून निघतानाच हेडलाइट लावले होते आणि तिथे पोचल्यावर बंद करायचे राहून गेले होते. बॅटरी उतरली. "धरण बघायला आलो होतो," असं त्यांनी दीक्षाला आणि तिला सांगितलं, अगदी सहज… पण चेहरा. वॉर्डात भूल उतरताना माणसं आधी छताकडे बघतात आणि मग तुमच्याकडे, ओळख नसताना उगाच सभ्यपणे — तसा चेहरा. डॉक्टरांनी नंतर त्याला नाव दिलं, तिला ते नाव त्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरांपुढे बाबुराव "असं होय" म्हणाले, आणि बाहेर जिन्यात आल्यावर हळूच विचारलं, "काय म्हणाले गं ते?" वयोमानाने होतं असं म्हणाले, ती म्हणाली. एकट्याने गाडी चालवू देऊ नका हे वाक्य तिने पोटात ठेवलं, तिथे आधीच बरंच काय काय होतं.

आणि मग दीक्षाने सुचवलेलं ते बटण. दिवे बसवताना वायरी उघड्या पडतातच, त्यातच एक बटणही टाकायचं. ते बंद असलं की चावी कितीही फिरवा, गाडी ढिम्म. बाबांना कळणार नाही, त्यांना वाटेल जुनी गाडी आहे, रुसली. "आई, तुला काही म्हणजे काही करायचं नाहीये गं. तू बरोबर असलीस की चालू करायचं, नसलीस की बंद. एवढंच." काहीच करायचं नाही. यांची सकाळची गोळी, दुपारची गोळी, चष्मा कुठे आहे, गॅस बंद आहे का, गेलेल्या भावाला फोन लावतायत का — यातलंही काहीच करायचं नसतं, नुसतं लक्ष ठेवायचं असतं. नाही म्हटलं तर बाणेरचा एक जुन्या गाड्यांचा हौशी माणूस दीक्षाने बघूनच ठेवला होता. तो येऊन घेऊन जाईल. मग खाली ती रिकामी जागा, आणि खिडकीत उभे राहून तिच्याकडे बघणारे हे.

शहाबाज हात पुसत आला. बाबुराव शेजारच्या दुकानात टांगलेल्या चाकांच्या वाट्या बघत होते, तरी त्याने आवाज खाली आणला.

"काकू, दिवे झाले. आता ते दुसरं, दीक्षाताईंनी सांगितलेलं. कुठे बसवू? बॉनेटखाली टाकलं तर तुम्हाला दर वेळी बॉनेट उघडायला लागणार. काकांच्या बाजूला टाकलं तर त्यांच्या हाताला लागणार. तुमच्या बाजूला घेऊ का? डॅशबोर्डच्या खाली, आतल्या अंगाला. बसल्या बसल्या बोट पोचेल."

तुमच्या बाजूला… ललिता हातातल्या स्क्रूकडेच बघत राहिली. त्याला वाटलं असेल म्हातारीला कळलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सावकाश सांगितलं.

कळलं रे बाबा. कळलं म्हणूनच. या जगात माझी म्हणून एकच बाजू आहे, ती या गाडीत डावीकडे आहे. घरात ओटा माझा, पण तो काही बाजू नव्हे, ते कामाचं ठिकाण. वॉर्डात खुर्ची होती, तिच्यावर टेकलं की कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारायचं. या गाडीचं दार लागलं की मात्र संपलं. मला झोप यायची. साधी नाही, गाढ, तोंड उघडं टाकून… दीक्षा लहान असताना सगळ्यांना सांगत सुटायची की आमच्या आईला झोपेची गोळी नको, फियाट पुरे. एका ऑक्टोबरात दीक्षाभूमीला गेलो तेव्हा सकाळी घरातून निघालो आणि नगर गेलं, औरंगाबाद गेलं, मला पत्ता नाही, मध्ये कुठेतरी यांनी चहा आणून हातात दिला, तो प्यायले आणि पुन्हा झोपले. पोचल्यावर उठवतो, म्हणायचे. कधीच नाही म्हणाले की काय सारखी झोपतेस, जरा गप्पा मार. बायको शेजारी घोरतेय आणि हा माणूस एकटाच पुढे बघत चाललाय, तासन् तास. आम्ही एकमेकांना प्रेमाबिमाचं काही बोललो नाही. पण एक जण जागा आहे म्हणून दुसऱ्याने बिनघोर झोपावं, याहून जास्त मला तरी काही नको होतं. तेवढीच माझी झोप. घरातली झोप म्हणजे एक कान उघडा.

आणि आता तिथेच, गुडघ्यापाशी, बटण.

दीक्षाला हे कसं सांगणार. नवऱ्याचं डोकं हातातून निसटत चाललंय आणि ही बाई रडतेय झोपेसाठी. मीच दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर म्हटलं असतं, काय बाई आहे. तिला स्वतःचा राग आला, मग दीक्षाचा आला, मग त्या चाकांच्या वाट्यांवरून प्रेमाने बोट फिरवणाऱ्या पाठमोऱ्या माणसाचा आला, आणि तीनही राग इतके दमलेले होते की एकही टिकला नाही.

"माझ्या बाजूला बसवा," ती म्हणाली.

निघताना बाबुरावांनी ऐटीत चावी फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. बटण बंदच ठेवलं होतं शहाबाजने, तिला सवय व्हावी म्हणून. बाबुरावांनी हात स्टिअरिंगवर ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं — धरणावरचा तो चेहरा, छताकडून सभ्यपणे खाली येणारा. तो फार वेळ बघवेना. चपलेचा पट्टा नीट करायला वाकल्यासारखं करून ललिताने बोट आत घातलं, दाबलं, आणि म्हणाली, "परत एकदा बघा हो."

गाडी सुरू झाली. समोरच्या दुकानाच्या काचेत दोन पांढऱ्या पट्ट्या उजळल्या.

"बघ," बाबुराव खूश होऊन म्हणाले, "हिला माझ्याच हाताची सवय आहे."

"हो ना," ती म्हणाली.

गाडी ते अजून छान चालवत होते, तेच तर. हात, पाय, गिअर, सगळं आपापलं जाणून होतं. ललिता ताठ बसली होती. रिक्षा आडवी आली की तिचा पाय आपोआप खाली दाबला जात होता, सिग्नल लाल झाला की यांनी पाहिला का म्हणून ती आधी त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांत झोप मात्र आलेलीच होती, जुन्या सवयीची, पापण्यांच्या आत वाळूसारखी… जागा तीच, वास तोच, झोपेला कुणी सांगितलंच नव्हतं की आता यायचं नाही.

एका चौकात मेट्रोच्या कामाचे पत्रे लावले होते आणि सरळ रस्ता बंद होता. बाबुरावांनी गाडी थांबवली. मागून हॉर्न सुरू झाले.

"ललिता," ते म्हणाले, "इथून डावीकडे की उजवीकडे गं?"

लग्न झाल्यापासून त्यांनी तिला रस्ता विचारला नव्हता. कुणालाच विचारत नसत, चुकले तरी. तिने डावीकडे पाहिलं — बँक, औषधांचं दुकान, उसाचा रस. उजवीकडे — औषधांचं दुकान, क्लासची पाटी. तिला काही माहीत नव्हतं. बसमधून गेली ती कंडक्टरच्या भरवशावर, रिक्षातून गेली ती रिक्षावाल्याच्या, आणि या गाडीतून गेली ती झोपेत. तिला घराचं दार माहीत होतं आणि जिथे पोचायचं तिथलं दार माहीत होतं, मधलं पुणं सगळं यांच्याकडे होतं. ते आता यांच्याकडेही नव्हतं. मला काय विचारता, मी तर झोपलेली असते, हे अगदी ओठांवर आलं.

"उजवीकडे," ती म्हणाली. वॉर्डातला आवाज निघाला, ठाम, आणि तो ऐकून ती स्वतःच चपापली.

त्यांनी काही विचारलं नाही. तुला काय कळतंय, म्हणाले नाहीत. इंडिकेटर दिला आणि शहाण्या मुलासारखी गाडी उजवीकडे वळवली.

"बरं झालं तू जागी आहेस," बाबुराव म्हणाले, आणि डोळे रस्त्यावरच ठेवून त्यांचे खांदे खाली आले, पाठ सीटला टेकली, तोंड किंचित उघडं राहिलं, ओठांवर कसलंसं समाधान. ललिता त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे अशी दिसत असणार मी. इतकी वर्षं, यांच्या शेजारी, अशी. आणि का कोण जाणे, पाठ ताठ ठेवणं तेवढं अवघड वाटेनासं झालं… की नुसती सवय होत होती, तेही तिला सांगता आलं नसतं.

रस्ता बरोबर आहे की नाही, अजून कळत नव्हतं. पुढची पाटी वाचण्यासाठी तिने डोळे बारीक केले.