तिसरा डबा

वेगळं होताना आईबाबांनी सगळं समजूतदारपणे वाटून घेतलं. फ्रिज बाबांकडे गेला, कारण फ्रिज दुरुस्त करणं हा त्यांचा धंदाच होता. कपाट आईकडे. चष्मिष निम्मी निम्मी: सोमवार ते गुरुवार आईकडे, शुक्रवार ते रविवार बाबांकडे. सात दिवसांचे दोन सारखे भाग होत नाहीत, यावर तीन आठवडे भांडण चाललं.

चष्मिष दहा वर्षांची होती. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

विज्ञानाच्या बाईंनी वर्गाला प्रयोग दिला: पिठातल्या अळ्या पाळा, अळीचा कोष आणि कोषाचा भुंगेरा कसा होतो ते रोज लिहा. बाकीच्यांनी एक डबा अंधारात ठेवला, एक उजेडात. चष्मिषने पक्ष्यांचं खाणं विकणाऱ्या काकांकडून तीस अळ्या आणल्या आणि दहा-दहा मोजून तीन डब्यांत घातल्या. तिन्हींत तोच कोंडा, तेवढीच गाजराची चकती. एक डबा आईकडे, एक बाबांकडे, तिसरा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कुलूपबंद कपाटात, ज्याची किल्ली शिपाईमामांकडे असायची. वहीच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं: अळ्या कुठे नीट वाढतात?

प्रश्न अळ्यांचाच होता. पण निम्मं-निम्मं कुणालाच झेपेना, म्हणून पुढच्या महिन्यात कोर्टातल्या समुपदेशक बाई चष्मिषला विचारणार होत्या, की तुला कायमचं कुणाकडे राहायचंय. त्यामुळे दोन्ही घरांत ती वही चोरून वाचली गेली, आणि दोन्ही घरांत अळ्यांना एकदम भाव आला.

आई इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची. तिच्या तावडीतून आजवर एक जंतू सुटला नव्हता. दुसऱ्या आठवड्याअखेर तिच्याकडच्या चार अळ्यांचे कोष झाले. सोमवारी चष्मिष परतली तेव्हा डबा लख्ख होता, त्याला इस्पितळाचा वास येत होता, आणि आत दहा तरतरीत अळ्या होत्या. कोष एकही नव्हता. काय छान आहेत बघ, असं आईने कुणी न विचारता सांगितलं.

चष्मिषने लिहिलं: दिवस १८. कोषांच्या परत अळ्या झाल्या.

बाबांनी त्यांचा डबा ऊब मिळावी म्हणून फ्रिजच्या मागे ठेवला होता. तिथे आधी कोंडा करपला. पुढच्या शुक्रवारी कोंडा नवा होता आणि अळ्या बारा होत्या. बाबा म्हणाले, खुशीत असल्या की वाढतात.

दिवस २२. दहाच्या बारा झाल्या. कारण: खुशी.

विज्ञानाच्या बाईंनी दोन्ही नोंदींखाली लाल रेघ मारून शेरा दिला: असे घडत नाही, नीट बघत जा. चष्मिषला ते लागलं. ती चष्मा पुसून बघत होती.

कोंडा संपला म्हणून ती काकांच्या दुकानात गेली.

"काय गं," काका म्हणाले, "तुमच्याकडे पक्षी आहेत तरी किती? शनिवारी तुझी आई अळ्या नेते, मंगळवारी तुझे बाबा. परवा तर दोघं एकदमच आले. आई म्हणाली, घरी मैना आहे. बाबा म्हणाले, पोपट."

पोपट अळ्यांसाठी जीव टाकत नाही हे काकांना ठाऊक होतं, पण गिऱ्हाइकाला शिकवायला ते बसले नव्हते.

"एकमेकांशी बोलले?" चष्मिषने विचारलं.

"छे. रांगेत अनोळखी माणसं उभी असतात तसे उभे होते."

त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं, माझ्या मेल्या ना? आईने आधी नाही म्हटलं, मग तुला वाईट वाटू नये म्हणून आणल्या असं म्हणाली, मग थोडी रडली. डोळे पुसून झाल्यावर तिने विचारलं,

"तिकडच्या किती जगल्या?"

शुक्रवारी बाबांनी हाच प्रश्न विचारला. ते रडले नाहीत, एवढाच फरक.

सहा आठवडे झाले तेव्हा शिपाईमामांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडून दिलं. तो डबा आपण साफ विसरलो होतो, असं ते ओशाळून म्हणाले. गाजराची चकती वाळून बटणाएवढी झाली होती. तीन अळ्या काळ्या पडून मेल्या होत्या. एक कोष बाकीच्यांनी अर्धा खाल्ला होता. आणि सहा भुंगेरे कोंड्यात फिरत होते, पाच काळे, एक नुकता निघालेला पांढुरका. तीन, एक, सहा. दहा बरोबर भरले. चष्मिषने दोनदा मोजले.

समुपदेशक बाईंच्या खोलीत खूप खेळणी होती. बाहेरच्या बाकावर आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला. बाईंनी गोड आवाजात विचारलं. चष्मिषने वहीचं शेवटचं पान उघडून पुढे सरकवलं.

आईकडे आणि बाबांकडे एकही अळी मेली नाही. एकही मोठी झाली नाही.

"मग तुला कुठे राहायचंय, बाळा?"

"शाळेचं वसतिगृह आहे. शिपाईमामा म्हणाले, तिथे प्रत्येकीला एक कपाट मिळतं."

आईबाबांना आत बोलावून हे सांगितलं गेलं. बऱ्याच महिन्यांनी दोघं एकमेकांकडे वळून एकाच वेळी एकच वाक्य बोलले.

"हे तुझ्यामुळे झालं."

दोघांपैकी कुणालाच माघार घ्यायची नव्हती, त्यामुळे पाच आठवड्यांत वसतिगृहाचा अर्ज मंजूर झाला. सोडायला आई सकाळी आली, बाबा दुपारी. जाताना दोघांनीही, दुसऱ्याला सांगू नकोस असं बजावून, तिच्या हातात भोकं पाडलेली एकेक पुडी ठेवली.

दोन्ही पुड्यांत दहा-दहा अळ्या होत्या. चष्मिषने त्या खिडकीच्या कठड्यावर ओतल्या. थोड्या वेळाने चिमण्या आल्या. सगळ्या अळ्या संपेपर्यंत ती बघत राहिली, वही मात्र काढली नाही.