मांजरीने गोड केलेला समुद्र

सागरबाबाच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतीलगत काचेची लांबलचक टाकी, त्यात समुद्रासारखं खारं पाणी, रंगीबेरंगी मासे, आणि काठावर ऐसपैस बसलेली, एक कान फाटलेली पांढरी मांजर. सगळ्यांचे हात त्या मांजरीपुढे जोडलेले. घरी सासूच्या उष्ट्या पेल्याला नाक मुरडणारी माणसं इथे मांजरीचं उष्टं प्यायला ताटकळत होती. आईचा दंड धरून उभ्या असलेल्या लेकीने ते बघून तोंड फिरवलं. ती प्राण्यांची डॉक्टर होती; घाणीचं तिला वावडं नव्हतं, पण ही घाण वेगळी होती.

आईची मूत्रपिंडं थकली होती, पाय सुजले होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगून गोळ्या दिल्या होत्या. त्यावर बाबा म्हणाला, "जी मांजर समुद्रातलं मीठ काढते, ती तुमच्या अंगातलं काढणार नाही?" झालं! आठवडाभर गोळ्या बंद. सूज गुडघ्यापर्यंत चढली, तरी आई ऐकेना.

"आई, त्या पाण्यात मासे हगतात गं!"

"हळू बोल. ती ऐकेल."

"कोण?"

"मांजर!"

बाबाने टाकीतलं चमचाभर पाणी पुढच्या माणसाला दिलं. तो थू थू करत म्हणाला, "खारट!" मग बाबाने भिंतीवरचं बटण दाबलं. टाकीची घरघर थांबली, बुडबुडे विरले.

"समुद्र समाधीत गेला! मिटा डोळे! ज्याच्या मनात शंका, त्याला खारट लागेल. ज्याची श्रद्धा, त्याला गोड!"

सगळ्यांनी डोळे मिटले. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजर डोळे टक्क उघडे ठेवून पीत होती आणि मिटले होते माणसांनी. डॉक्टर लेकीने मात्र मिटले नाहीत. मांजर नेमकी एका कोपऱ्यात वाकली होती. तिथे खडकामागून बारीक नळी आली होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. बऱ्याच वेळाने बाबाने त्याच कोपऱ्यातलं वरचं पाणी अलगद चमच्यात घेतलं. पहिला भक्त किंचाळला, "गोड! गोड!"

डॉक्टर सरळ पुढे घुसली आणि तिने बटण दाबलं. टाकी पुन्हा घरघरू लागली.

"टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं," ती लोकांना म्हणाली. "म्हणून गोड्या पाण्याची भर घालावी लागते. ते या नळीतून येतं. मोटर बंद असली की हलकं गोडं पाणी वरच तरंगतं, चालू झाली की ढवळून निघतं. मांजरीला चमत्कार कळत नाही, पण गोडं पाणी कुठे पडतं ते बरोब्बर कळतं. आता त्याच कोपऱ्यातलं चाखा."

"पापिणी!" बाबा कडाडला. "तुझ्या शंकेने पाणी नासलं!"

चाखायला कोणी पुढे येईना. शेवटी आईच सुजल्या पावलांनी पुढे आली. तिने चमच्याला जीभ लावली आणि लगेच पदरात थुंकली.

"बाबा," ती म्हणाली, "शंका हिला होती. मला तर नव्हती ना? मग मला का खारट लागलं?"

लोक टाकीकडे धावले, चाखू लागले, थुंकू लागले. बघता बघता त्या चकचकीत फरशीवर थुंकीचा सडा पडला.

"आणि हे बघा," डॉक्टर मांजरीचा फाटका कान दाखवत म्हणाली. ती जवळ येताच मांजर सोफ्याखाली पळाली. "या कानावरून मी हिला ओळखलं, आणि हिनेही मला! मागे हिला जुलाब झाले, तेव्हा बाबाच्या भावाने हिला माझ्या दवाखान्यात आणलं होतं. तेव्हा नाही चाललं हे अमृत! मांजरीला डॉक्टर, आणि माणसांना मांजरीचं उष्टं? डोळे मिटा म्हणणाऱ्यासमोर आधी डोळे उघडा. दुखलं खुपलं तर डॉक्टरकडे जा. विश्वास ठेवायचाच तर निदान स्वतःच्या जिभेवर ठेवा!"

बाहेर रस्त्यावरच्या नळाशी आई पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिली.

"गोळ्या कुठे टाकल्यास?" लेकीने विचारलं.

"टाकल्या नाहीत गं," आई खाली बघत म्हणाली. "उशीखाली आहेत. चल लवकर."