मैत्रिणीच्या फायलीतली लेक

वाचून वाचून त्याचे डोळे गेले होते, आणि मनही त्याच वाटेवर होतं. त्याच्या सरकारी खात्याचं खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण आतले सगळे त्याला वाचनखातंच म्हणत. लोक फोनवर एकमेकांना जे लिहीत, त्याला ॲपच्या कंपनीनं कुलूप घातलेलं असे. 'तुम्हा दोघांशिवाय हे कोणी वाचू शकत नाही' अशी ग्वाहीही वर ठळक अक्षरांत असे. सरकारनं कायदा करून त्या कुलपाची एक किल्ली मागितली. कंपनीनं आधी नाक मुरडलं, मग मुकाट्यानं दिली. ग्वाहीची ओळ मात्र काढायची राहून गेली.

दिवसभर परक्यांची भांडणं, लाडीगोडी आणि सासूच्या कागाळ्या वाचायच्या आणि खाली 'निर्धोक' असा शेरा मारायचा, हे त्याचं काम. देशाला धोका असलेला माणूस त्याला क्वचितच भेटला. कंटाळलेली माणसं मात्र ढिगानं भेटली.

खात्यातल्या वाचकांना एक सवय लावून घ्यावी लागते. ओळखीच्या माणसाशी बोलताना आपल्याला काहीच ठाऊक नाही असं धरून चालायचं. समोरचा स्वतःहून सांगेपर्यंत थांबायचं आणि मग 'हो का?' म्हणायचं. नव्यानं आलेल्यांना सगळ्यांत आधी हेच शिकवत. त्याच्या अंगात तर ते इतकं मुरलं होतं की बायको वैतागून म्हणे, "घराला आग लागली म्हटलं तरी तुम्ही हो काच म्हणाल."

एके दिवशी एका बातमीदार बाईची फाइल त्याच्या टेबलावर आली. तिनं सरकारी ठेक्यांवर काहीतरी झोंबणारं लिहिलं होतं. तिच्या फायलीत तिच्याशी बोलणारे सगळेच येत, आणि तिची जिवलग मैत्रीण निघाली त्याचीच लेक, परगावी नोकरीला असलेली. घरचं माणूस निघालं तर फाइल शेजारच्या टेबलाला द्यायची, असा नियम होता. पण शेजारच्या टेबलावरच्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. पोटची पोर भोंग्याच्या तोंडी द्यायची? त्यानं फाइल ठेवून घेतली.

लेकीनं मैत्रिणीला लिहिलं होतं, 'छातीत गाठ लागतेय गं. उद्या तुकडा काढून तपासायला देणार आहेत. घरी सांगत नाही. आई रडून गोंधळ घालेल आणि बाबा हो का म्हणतील.'

ते शेवटचं वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. इतकं वाईट त्याला आजवर कुणाचंच काही वाचून वाटलं नव्हतं.

संध्याकाळी त्यानं तिला फोन लावला. ती ऑफिसबद्दल, घरमालकाबद्दल, कशाकशाबद्दल बोलत राहिली, आणि तो छातीवर दगड ठेवून 'हो का?' म्हणत राहिला. फोन ठेवता ठेवता मात्र बापानं वाचकाला मागे सारलं.

"बरं, उद्या उपाशीपोटी जायचंय ना, मग आत्ता नीट जेवून घे."



"कुठे जायचंय, बाबा?"

"तुझी ती मैत्रीण म्हणाली..."

"तिच्याकडे तुमचा नंबर नाही." मग तिच्या लक्षात आलं, "तुम्ही ऑफिसात पत्रव्यवहार बघता ना? म्हणजे हा पत्रव्यवहार?"

"पोरी, मी मुद्दाम नाही गं..."

"किती वाचलंत?"

जगाशी खोटं बोलायला त्याची जीभ कधी अडखळत नसे. आता अडखळली.

"सगळं," तो म्हणाला.

तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही. आईशीही दोन शब्द बोलून ठेवू लागली. मैत्रिणीच्या फायलीत तिचं एक अक्षर येईना. तो रोज सकाळी आधी तीच फाइल उघडी, आणि तसं करताना स्वतःचीच लाज वाटे, तरी उघडी. मग एका दुपारी तिचं नाव दिसलं. मजकूर मैत्रिणीसाठी नव्हताच.

'बाबा, निकाल आला. गाठ साधी आहे. फोन करणार नव्हते, म्हटलं इथे लिहिलं की पोचतंय. आईला घरी आल्यावर समोर बसून सांगेन, फोनवर आता कुणालाच काही सांगवत नाही. तोवर तुम्ही तिला काही बोलू नका. नाही तर तुम्हाला कसं कळलं, तेही सांगावं लागेल.'

त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. भोंग्यानं मान लांब करून विचारलं, काय झालं? "डोळे दुखतायत," तो म्हणाला, आणि त्यानं 'निर्धोक' शेरा मारला.

घरी बायको फोन मांडीवर घेऊन बसली होती.

"पोरगी हल्ली धड बोलत नाही. आवाज ओढलेला वाटतो. बरी असेल ना हो?"

हो गं, अगदी ठणठणीत आहे, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. एका शब्दानं तिचा जीव भांड्यात पडला असता.

"मला काय ठाऊक," तो म्हणाला.