भुऱ्याचं लोढणं

भुऱ्या कुणाला कधी चावला नाही, हीच त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार होती. चावला असता तर माणसाला इंजेक्शन घेऊन, पट्टी बांधून चारचौघांत मानानं बसता आलं असतं. हा नुसता धावायचा. पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत दुचाकी शिरली की भुऱ्या कंपाऊंडच्या भिंतीवरून उडी मारून तिच्या मागच्या चाकाशी तोंड नेऊन पळत सुटे, आणि गाडीवरचा माणूस आपला आपणच पडे. पडलेला उठून आधी कपडे झटकी, मग हरिभाऊंच्या घराकडे पाहून जे बोले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

हरिभाऊ कारकुनीतून निवृत्त झालेले. मुलगा देवेंद्र पुण्याला नोकरीवर गेला तेव्हा हे पिल्लू आईच्या, सुमतीबाईंच्या, हवाली करून गेला. "आई, तुले सोबत होईन," म्हणाला. हरिभाऊ घरात असत, पण सोबत म्हणून त्यांचा फारसा उपयोग नव्हता. ते सकाळपासून पेपर वाचत, निविदासूचनांसकट. सुमतीबाई दिवसभर बोलत त्या भुऱ्याशी. तो मान वाकडी करून ऐके. त्या घरात त्यांचं ऐकून घेणारा तो एकटाच होता.

प्रकरण चिघळलं ते सदाशिवरावांमुळं. सदाशिवराव कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. ते स्कूटरवरून भाजी घेऊन येत असताना भुऱ्या मागं लागला आणि अध्यक्ष वांग्यांसह नालीत गेले. वांगी वाचली. त्याच आठवड्यात कमिटीची बैठक झाली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला: पुढच्या बैठकीपर्यंत कुत्रं आवरा, नाहीतर कमिटी ते पकडून बोरच्या जंगलाकडं सोडून देईल.

"तिथं वाघ हायेत ना जी," सुमतीबाई म्हणाल्या.

"वाघ काही मोटारसायकलीवर येत नाई, वहिनी," समोरच्या घरातले अण्णाजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "याले धावाचं कामच नाई पडणार."

सुमतीबाई दुसऱ्याच दिवशी भुऱ्याला ऑटोत घालून जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. डॉक्टर सुरभी ही तरुण मुलगी. तिनं आधी भुऱ्याला दवाखान्याच्या दारात उभं करून रस्ता दाखवला. एक गाडी गेली. भुऱ्याचे कान ताठ, अंग थरथरतंय, तोंडातून लाळ. सुमतीबाईंनी हाक मारली ती त्याच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

"हा खोडकरपणा नाही, काकू. वेड आहे," सुरभी म्हणाली. "तो धावतो आणि गाडी दूर जाते. त्याला वाटतं आपणच हाकलली. रोज, प्रत्येक वेळी तोच जिंकतो. मग तो कशाला थांबेल?"

उपाय तिनं सांगितला तो साधा होता, फक्त लांबचा. दोर सुटू द्यायचा नाही, म्हणजे जिंकणं बंद. गाडी फार दूर असतानाच हाक मारायची. वळून पाहिलं की तोंडात आवडीचं काहीतरी द्यायचं. मग हळूहळू अंतर कमी करायचं. रोज दमेपर्यंत फिरवायचं. "आणि मारायचं नाही. दुखवायचंच नाही. दुखलं की तो त्याचा राग गाडीवरच काढेल."

"किती दिवस लागतीन?"

"महिने लागतील."

सुमतीबाईंनी दुखरे गुडघे घेऊन रोज सकाळी कॉलनीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर जायला सुरुवात केली. दूर रस्त्यावरून गाडी गेली की म्हणायच्या, "भुऱ्या, इकडं पाय!" भुऱ्या बघेना. पुन्हा दुसरी गाडी. काही दिवसांनी त्यानं एकदा वळून पाहिलं, आणि तुपाची पोळी मिळाली. मग दोनदा पाहिलं.

हरिभाऊंना हे पटलं नाही. "नुसतं वळून पाह्यलं तं तुपाची पोळी? मी जलमभर इमानदारीनं नौकरी केली, मले कोनं चहा नाई पाजला."

"तुमी वळून पाहात होते का?" सुमतीबाईंनी विचारलं.

कॉलनी मात्र गच्चीवरून हा कार्यक्रम पाहून हसत होती. बैठक जवळ आली. दूरची गाडी गेली की भुऱ्या सुमतीबाईंकडं वळून पाहू लागला होता, जवळची गेली की नाही. आणि कमिटीला दूरच्या गाडीत रस नव्हता.

तेव्हा हरिभाऊंना लोढणं आठवलं. त्यांचा बाप देवळीकडं शेती करायचा. ओढाळ बैल दुसऱ्याच्या पिकात घुसायला लागला की त्याच्या गळ्यात दोरानं लाकडाचा ओंडका अडकवत. बैल चालला की ओंडका पुढच्या पायांवर आपटे, धावला की नडग्या फोडे. दोनचार दिवसांत बैल शहाणा होई.

कुणी काही म्हणा, आमच्या कॉलनीत खरं एकमत दिसलं ते त्या दिवशी. मास्तर, बाबू, बँकवाले, सगळे पँटवाले. पण प्रत्येकाच्या मागं कुठंतरी एक बैल होता. अण्णाजींनी बाभळीचा तुकडा आणून दिला. कुणी दावं आणलं. कुणी सांगितलं, गुडघ्याच्या खाली यायला पाहिजे, नाहीतर लागत नाही. निवृत्तीनंतर इतका उत्साह आम्ही फक्त पेन्शन वाढली तेव्हा पाहिला होता.

"डॉक्टरीणबाईनं दुखवू नोका म्हणून सांगतलं," सुमतीबाई म्हणाल्या.

"तिनं बैल पाह्यला का कधी? अवं, आयतवारी बैठक हाये. तुले कुत्रं घरात पायजे का बोरच्या जंगलात?"

सुमतीबाईंनी भुऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बांधा."

पण भुऱ्या हाती लागेना. हरिभाऊ दावं घेऊन अंगणभर फिरले, अण्णाजी दुसऱ्या बाजूनं आले, भुऱ्या दोघांच्या मधून निसटून फाटकापाशी गेला. तेवढ्यात अगदी फाटकासमोरून एक मोटारसायकल गेली. भुऱ्याचे कान ताठ झाले.

"भुऱ्या, इकडं पाय," सुमतीबाईंनी हाक मारली.

आणि भुऱ्यानं गाडी सोडली. एवढ्या जवळची गाडी त्यानं पहिल्यांदाच सोडली. तो धावत येऊन त्यांच्यासमोर बसला आणि तोंड वर करून वाट पाहू लागला. तेवढ्यात हरिभाऊंनी लोढणं बांधलं.

उपाय लागू पडला. भुऱ्या दोनदा धावला, दोनदा तोंडावर आपटला आणि मग फाटकाशी उभा राहायला लागला. नडग्यांवर जखमा झाल्या, त्यांवर माश्या बसू लागल्या. गाडी आली की तो जागीच थरथरायचा आणि लोढण्याचा दोर चावायचा. सुमतीबाई हाक मारायच्या; आता तो त्यांच्याकडंही वळत नसे. "सोडा जी ते," त्या रोज म्हणायच्या. "आयतवार होऊ दे," हरिभाऊ म्हणायचे.

रविवारी सकाळी सदाशिवराव बैठकीआधी पाहणीला आले. स्कूटर फाटकाजवळ लावून त्यांनी भुऱ्याचं निरीक्षण केलं. फाटक उघडं होतं, भुऱ्या हलत नव्हता.

"व्वा! हरिभाऊ, मानलं बावा," ते म्हणाले. "कमिटीतर्फे अभिनंदन!" आणि त्यांनी स्कूटर सुरू केली.

भुऱ्या या वेळी मागं धावला नाही. तो सरळ पुढच्या चाकावर गेला. ओंडका चाकाखाली आला, सदाशिवराव स्कूटरसकट आडवे झाले आणि लोढण्याचं दावं चाकाच्या आसात गुंडाळलं गेलं. भुऱ्याची मान चाकाला टेकली होती. पाय रस्ता खरवडत होते.

सगळी कॉलनी धावली. सदाशिवरावांचा पाय मोडला होता. त्यांना बाजूला घेऊन झाडाला टेकवलं. मग स्कूटरभोवती चर्चा सुरू झाली.

"मागं लोटा, दावं उलगडीन."

"मागं नाई, पुढं! उलटा पीळ हाये."

"आधी गाडी उभी करा ना!"

"उभी केली तं मान लटकीन त्याची!"

गाडी थोडी मागं गेली, मग थोडी पुढं गेली. दावं आणखी आवळलं. हरिभाऊ खाली बसून गाठीशी झटत होते. गाठ त्यांनीच मारली होती, बैलाची, न सुटणारी. सुमतीबाई गुडघ्यांचा विचार न करता घरात गेल्या आणि विळा घेऊन आल्या. त्यांनी दावं एका झटक्यात कापलं. पण तोवर भुऱ्याचे पाय खरवडायचे थांबले होते.

सदाशिवरावांना ऑटोनं सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. बैठक तहकूब झाली. लोक पांगले नाहीत.

"हलकं पडलं लोढणं," अण्णाजी म्हणाले. "जड पायजे होतं."

"दोर आखूड पायजे होता," कुणीतरी म्हणालं. त्यावर थोडा मतभेद झाला.

हरिभाऊंनी मागच्या अंगणात खड्डा खणला. दुपारी देवेंद्रचा फोन आला. हरिभाऊंनी उचलला.

"भुऱ्या गेला रे. सदाशिवरावच्या गाडीखाली आला."

"कोनाच्या?" देवेंद्रचा आवाज चढला. "सदाशिवकाकाच्या? मी येतो तिकडं, पोलिसात देतो त्याले. बाबा, आपल्या कुत्र्यावर गाडी घातली त्यानं!"

"त्यानं नाई घातली," हरिभाऊ म्हणाले. "लोढणं अडकलं होतं."

"लोढणं म्हणजे?"

देवेंद्र क्वार्टरात वाढलेला. बैल त्यानं पोळ्यापुरताच पाहिलेला. हरिभाऊ सांगू लागले. ओढाळ जनावराच्या गळ्यात लाकूड बांधतात. लाकूड बाभळीचं घ्यावं. दोर असा धरावा, की ओंडका बरोबर नडगीवर... ते थांबले. पलीकडून देवेंद्र "हॅलो, हॅलो" करत होता.

सुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"थांबले काऊन?" त्या म्हणाल्या. "सांगा ना त्याले पुरं."