तिसऱ्या प्लगची वायर

वाल्बुर्गाची गाडी सकाळी अंगणात सुरू झाली ती खोकतच. तीन ठोके सरळ आणि चौथा लंगडा. बॉनेटवर हात ठेवला तर आतली थरथर थेट कोपरापर्यंत येत होती.

गाडी चार लाख किलोमीटरला टेकलेली. नवरा जाताना दोनच कामाच्या गोष्टी मागे ठेवून गेला होता, ही गाडी आणि अवजारांची पेटी, आणि वाल्बुर्गा दोन्हींना दुसऱ्याचा हात लागू देत नसे. मुलगी अफ्रा तेवढी रात्रपाळीला गाडी घेऊन जायची. गुरुवारी सरकारी तपासणी होती. इंजिन असं अडखळत राहिलं तर धुराच्या चाचणीत नापास, नंबरपाटीला नवा स्टिकर नाही, आणि मग थेट भंगारवाला. गावातल्या झेव्हर मेकॅनिकने फोनवरच सांगून टाकलं होतं की इंजिन म्हातारं झालंय, आता माया सोडा. तुझेही गुडघे वाजतात, तुला कुणी सोडलं का, असं विचारून वाल्बुर्गाने फोन ठेवला होता.

इंजिन म्हातारं असतं तर हळूहळू दमलं असतं. हे तर कालपर्यंत धडधाकट होतं. एका रात्रीत कुणी म्हातारं होतं का?

तिने इंजिन जागेवर चालू ठेवलं, रबरी हातमोजा चढवला आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढून परत लावल्या. पहिली काढली, इंजिन गचकलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे कामचुकार हाच.

अफ्रा नुकतीच याच गाडीने वृद्धाश्रमातली रात्रपाळी करून आली होती. एरवी ती आल्या आल्या झोपायची. आज कॉफीचा कप घेऊन दारातच उभी. जाऊ दे ना आई, हप्त्यावर दुसरी घेऊ, असं ती दोनदा म्हणाली. वाल्बुर्गाने मान वर केली नाही, पण ऐकून ठेवलं.

इंजिन बंद करून तिने तिसरा प्लग पहिल्याच्या जागी बसवला आणि पहिला तिसऱ्याच्या. खोड तिसऱ्यातच राहिली. प्लग निर्दोष. मग तिसऱ्याची वायर दुसऱ्याला लावली, तर खोड उठून दुसऱ्यात गेली. वाल्बुर्गाला आता रंग चढला. वायर हातात घेऊन उन्हात फिरवली. वरून अगदी साफ. उलटी केली तर खालच्या बाजूला टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं, शेजारी शेजारी. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधी तिथूनच पळून जात होती.

"मार्डर," ती म्हणाली.

मार्डर म्हणजे मुंगसासारखा लांबुडका रानटी प्राणी, इथे घरोघरी असायचा; तिच्याही माळ्यावर एक राहायचा, वर्षानुवर्षांचा बिनभाड्याचा भाडेकरू. रात्री उबदार बॉनेटखाली निजायचा, पण वायरीला कधी दात लावला नव्हता. आपल्या वासाच्या गाडीला मार्डर काही करत नाही. दुसऱ्या मार्डरचा वास आला की मात्र पिसाळतो आणि सापडेल ते चावतो. म्हणजे ही गाडी रात्रीची दुसऱ्या मार्डरच्या अंगणात उभी होती. आणि वृद्धाश्रमाची गाड्यांची जागा तळघरात, लोखंडी शटरच्या आत. तिथे उंदीर शिरायचा नाही.

वाल्बुर्गाने पेटीतून नवऱ्याने जपून ठेवलेली जुनी वायर काढली आणि बसवली. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. गुरुवारची काळजी मिटली. पण पुढच्या खेपेला गाडी पुन्हा तिथेच उभी राहिली तर ही वायरही जाणार, आणि पेटीत आणखी नव्हती.

तिने इंजिन बंद केलं, हात पुसले.

"कुणाचा मार्डर आहे?"

अफ्राने कप ओठांना लावला. "काय आई, काहीतरीच."

"वायरीला दात माझे नाहीत. आणि झेव्हरचे तर पुढचे पडलेत."

अफ्राला हसू आवरेना, आणि हसता हसता सगळं बाहेर आलं. फाइट त्याचं नाव. पलीकडच्या खोऱ्यातला, मधमाश्या पाळणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मंगळवारची पाळी तिने केव्हाच सोडली होती; ती रात्र ती त्याच्याकडे असायची. आईला सांगायची हिंमत होत नव्हती, कारण मागच्या खेपेला आईने एका चांगल्या माणसाला त्याच्या बुटांवरून पळवून लावलं होतं.

"ते बूट होतेच तसे," वाल्बुर्गा म्हणाली. "याच्या घरात मार्डर माळ्यावर की कोठारात?"

"कोठारात. मी गाडी तिथेच लावते."

"आणि हा शहाणा गाडीखाली जाळी अंथरत नाही?"

"त्याची स्वतःची गाडी त्याचा मार्डर चावत नाही ना. त्याच्या लक्षातच आलं नाही."

वाल्बुर्गा खुराड्यामागे गेली. कोंबड्यांच्या जाळीची उरलेली गुंडाळी तिथे पडली होती. तिने ती ओढत आणली आणि गाडीच्या डिकीत टाकली. जाळीवर पाय ठेवायचा मार्डरला तिटकारा असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कोठारात अंथर. गाडीच्या पुढच्या भागाखाली, नीट ताणून."

अफ्रा बघतच राहिली. "म्हणजे जाऊ मी?"

"गाडी जाईल. तू तिच्याबरोबर जा." वाल्बुर्गाने बॉनेट दाबून बंद केलं. "आणि त्याला रविवारी जेवायला बोलाव. नवी वायर त्याने आणायची, या गाडीला बसणारी. बघू तरी, बरोबर आणतो का."