हललेली फिल्म

हल्ली छातीचा फोटो काढला की लगेच पडद्यावर दिसतो. तेव्हा तसं नव्हतं. फोटो काढायचा, फिल्मची कॅसेट बगलेत मारून डार्करूम गाठायची, तांबड्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फिल्म औषधाच्या टाकीत बुडवायची, आणि मग कळायचं की माणूस स्थिर उभा होता की हलला. हलला असला तर फासळ्यांच्या कडा पुसट यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

धाकटीच्या फिल्म सदा हललेल्या.

घरी ती धाकटी, म्हणून ती काम शिकत होती त्या एक्स-रे विभागातही धाकटीच. तिची ताई एका तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. धाकटी रडली नाही. 'घट्ट काळजाची आहे,' असं लोक म्हणाले. तसं काही नव्हतं. तिला काही जाणवतच नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही हे ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायची. आणि आवाज तर असा खाली गेला होता की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे.

बाकी सगळं काम तिला आलं होतं. हनुवटी कुठे टेकवायची, खांदे कसे पुढे काढायचे, जाड्याला मशीन किती आणि बारक्याला किती, सगळं पाठ. पण शिशाच्या काचेमागे उभं राहून हुकूम सोडायचा असतो: श्वास घ्या, धरा, सोडा. तिचा हुकूम काचेच्या अलीकडेच मरायचा. पलीकडचा माणूस आपला खुशाल श्वास घेत राही.

तिच्याबरोबर शिकणारा एक मुलगा होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. त्यानं 'धरा' म्हटलं की बाहेर रांगेतले लोकसुद्धा श्वास धरत.

एकदा धाकटीचा 'धरा' कसाबसा पोचला. समोर एक गलेलठ्ठ बेकरीवाला होता. तिनं बटण दाबलं, कॅसेट काढली आणि 'सोडा' म्हणायचं विसरून ती सरळ डार्करूममध्ये गेली. भोंग्यानं डोकावलं तर बेकरीवाला वांग्यासारखा जांभळा.

"अहो, सोडा! मराल!"

"बाईंनी सांगितलं नाही ना," तो धापा टाकत म्हणाला.

विभाग दिवसभर हसला. धाकटीही हसली, सगळे हसत होते म्हणून.

संध्याकाळी शिसेकाकांनी तिला बोलावलं. ते विभागाचे मुख्य. शिशाचा एप्रन त्यांच्या अंगावरून उतरलेला कुणी पाहिला नव्हता.

"धाकटे, तुझा हात चांगला आहे. पण माणसाला दोनदा-दोनदा किरण द्यायचे, ते का म्हणून? आणखी एक आठवडा बघतो. नाही जमलं तर मी यादीतून तुझं नाव काढणार. राग मानू नकोस."

"नाही मानत," ती म्हणाली.

"काय?"

"नाही मानत."

नाव निघालं तर पुढे काय, ते घरी ठरून गेलं होतं. आईनंच ठरवलं होतं. ताईची मुलगी ठकी पाच वर्षांची, तिला आई हवी; दाजींच्या घरात बाई हवी; आणि धाकटी तर काय, घरचीच. दाजी माणूस सज्जन. आई भांडी पुसता पुसता विचारायची, "शिकून झालं तर ठीक. नाही झालं तर मग काय म्हणतेस?" धाकटी काही म्हणायची नाही. आईनं त्याचा अर्थ हो असा धरला होता. तिला स्वतःलाही नीटसं कळत नव्हतं. एवढंच कळायचं की सकाळी एप्रन चढवला की अंगावर वजन येतं, आणि ते वजन तेवढं जाणवतं. तेही गेलं असतं.

आठवडा सरत आला तेव्हा आई आणि दाजी ठकीला घेऊन आले. पोरीचा खोकला हटत नव्हता, डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितला होता.

"घरचं माणूस आहे. मी काढू का?" शिसेकाकांनी विचारलं.

धाकटीनं मान हलवली. नको.

तिनं ठकीला स्टुलावर उभं केलं, छाती कॅसेटला टेकवली. लोखंड गार लागलं तशी पोरगी आक्रसली. अगदी ताईसारखी हनुवटी. धाकटीनं ती हनुवटी वर उचलली, तिच्या कमरेवर तिचेच हात ठेवले आणि काचेमागे गेली. शिसेकाका शेजारी उभे.

"श्वास घे," ती म्हणाली.

ठकी मागे वळली. "मावशी, काय?"

धाकटीनं तिला पुन्हा नीट उभं केलं. पुन्हा काचेमागे. पुन्हा तेच.

"मावशी, ऐकूच येत नाही मला!" ठकीचं रडं फुटायच्या बेतात आलं. ती हुंदके देऊ लागली तर फिल्म हलणार, आणि मग या एवढ्याशा छातीवर पुन्हा किरण. धाकटीच्या डोळ्यांपुढे तेवढंच आलं. बाकी आई नाही, दाजी नाही.

"ठके! भिंतीकडे बघ! श्वास घे मोठा! धर!"

कुणाचा आवाज हे तिलाच कळलं नाही. ठकी खांबासारखी ताठ. बटण दाबलं.

"सोड!"

डार्करूममधून ती ओली फिल्म घेऊन आली. शिसेकाकांनी ती उजेडाला धरली. फासळ्या चाकूनं कोरल्यासारख्या स्वच्छ.

"हं. उद्यापासून एकटी उभी राहा," ते म्हणाले. "भोंग्याला सांगतो, तुझ्या गादीला वारस आला म्हणून."

फिल्मकडे बघून रडू येईल, असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

बाहेर बाकावर आई वाट बघत होती. "झालं? मग आता त्या गोष्टीचं काय? दाजीही आहेत, आत्ताच बोलून टाकू."

"नाही."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. एवढ्या मोठ्यानं म्हणायचं नव्हतं तिला. पण आवाज अजून खाली उतरला नव्हता.

"म्हणजे?" आईचा चेहरा पडला. "अगं, ठकीचं काय?"

"ठकीला मी मावशी आहेच. लग्न करणार नाही."

दाजी ठकीच्या बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "बरं झालं तू बोललीस. माझी जीभ रेटत नव्हती."

"अहो, मग इतके दिवस..." आई म्हणाली.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

आई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ठकीचा हात धरला.

ते तिघं निघून गेले. धाकटीला हलकं वाटलं नाही, जडही वाटलं नाही. बाकावर पुढचा माणूस होता, मोडक्या मनगटाचा. तिनं त्याला आत घेतलं.

"धरू का श्वास?" त्यानं काळजीनं विचारलं.

"हाताच्या फोटोला नाही धरावा लागत," ती म्हणाली, आणि त्याचा हात अलगद कॅसेटवर ठेवला.