खडूअळंबी आणि भिडस्त पाहुणा

डोळे मिटा पाहू. घट्ट. फटीतून कोण बघतंय ते मला इथून दिसतंय हं.

आता समजा, आपण एका जंगलाच्या कडेला उभे आहोत. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी दमून थांबलाय. पायाखाली कुजक्या पानांचा असा जाड थर, की पाऊल टाकलं तरी आवाज होत नाही, नुसतं पाणी वर येतं. आणि त्या पानांना ढुशी देऊन कुणीतरी डोकं वर काढलंय. इकडे एक लाल. तिकडे एक हिरवं. झाडाच्या मुळाशी एक जांभळं, गोगलगायीनं कडेनं कुरतडलेलं. अळंब्या! उघडा डोळे. पण हात मागे. ज्या घराची ही गोष्ट आहे, त्या घरात आधी नियम शिकायचा आणि मग हात लावायचा.

घर एका सुताराचं. म्हातारा सुतार म्हणजे आजोबा, त्यांची शिवणकाम करणारी लेक म्हणजे आत्या, आणि दहा वर्षांची नात. नातीला सगळे खारूटी म्हणत, कारण तिच्या गालात सदा काहीतरी कोंबलेलं असे आणि ती सापडायची ती कुठल्यातरी फांदीवर. खारूटीचे आई-वडील गिरणीत कामाला, ते दुपारी जेवायला घरी येत.

अळंबीच्या कामाची या घरात वाटणी ठरलेली होती. डोळे आजोबांचे, जीभ आत्याची. आजोबांची स्वतःची जीभ तंबाखूनं कधीच मारून टाकली होती. तिला साखर काय आणि लाकडाचा भुसा काय, सारखंच. खारूटीला फक्त शोधायची परवानगी. चाखायला बंदी. "आधी सगळे दात येऊ देत," आजोबा म्हणत, "मग जिभेचं बघू."

त्या दिवशी सकाळीच घरात भांडण पेटलं.

"मी केस विंचरणार नाही!" खारूटी शिलाई मशिनखाली जाऊन बसली होती.

"बाहेर ये गं. पाहुणे यायची वेळ झाली," आत्या म्हणाली.

"पाहुणे तुला बघायला येणार. माझे केस कशाला बघतील?"

"तुझे केस बघून पळून जातील म्हणून!"

"मग तर मुळीच विंचरणार नाही."

आत्या हसली, पण खारूटीला हसू येईना. हा पाहुणा तालुक्याच्या बसवर कंडक्टर होता. सगळे म्हणत, भला माणूस आहे. भल्या माणसाला नाही कशाला म्हणायचं? म्हणजे आत्या जाणार. मग रात्री कुशीत घेऊन भुतांच्या खोट्या गोष्टी कोण सांगणार? खारूटीनं मशिनच्या पायट्यावर बसल्या बसल्या ठरवून टाकलं: हा कंडक्टर आल्या बसनं परत गेला पाहिजे.

कंडक्टर आला. इस्त्रीचा सदरा, भांग असा की पट्टी ठेवून पाडलेला. दारात पायपुसण्यावर पाय पुसले, मग पायपुसणं सरळ केलं. चहात साखर घालायला आत्या विसरली होती, तरी "वा, फक्कड!" म्हणून प्यायला. आजोबांना माणूस आवडला.

"चला पाहुणे, जेवायला वेळ आहे. जंगलात फिरून येऊ. पोरी, टोपली घे."

जंगलात शिरल्यावर आजोबांची पाठ सरळ होई आणि तोंड सुटे.

"हे बघा पाहुणे. रंगावर जाऊ नका. पावसानं धुतली की लालची गुलाबी होते, गुलाबीची पांढरी. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. आपल्याला हवी ती खडूअळंबी. मुळासकट उकरायची. वरच्यावर विळ्यानं कापाल, तर विषारीची खालची पिशवी मातीतच राहील आणि यमाला टोपलीत घालून घरी न्याल. दांड्याला बांगडी दिसली, टाका. बुडाशी पिशवी दिसली, टाका आणि हात धुवा. मोडल्यावर दुधासारखा चीक आला, ती दुसऱ्या घरची. आता हिचा दांडा मोडा."

कंडक्टरनं मोडला. काट्! आत ना रेषा ना धागा.

"खडू!" कंडक्टर खूश झाला.

"म्हणून तर नाव. आता छत्रीखालच्या पापुद्र्यांवरनं बोट फिरवा."

बोट फिरवलं तसे पांढरे पापुद्रे भुरुभुरु तुटून पडले.

"झालं. इथवर डोळ्यांचं काम. पण खडूअळंबीतही दोन जाती. एक गोड, एक तिखट. तिखट खाल्ली तर माणूस मरत नाही, पण मेलो तर बरं असं म्हणतो. ते एकटी जीभ सांगते. आज लेक घरी, माझी जीभ मेलेली. तुम्ही चाखता का?"

"चाखतो की!"

"शेंगदाण्याएवढा तुकडा, पुढच्या दातांनी. चव कळली की थुंकायचं. गिळायचं नाही."

(मुलांनो, ही चाखायची रीत फक्त खडूअळंबीची, आणि तीही आजोबांसारख्या माणसानं आधी हातात घेऊन पारखलेली असेल तरच. दुसरी कुठलीही अळंबी जिभेला लावलीत, तर पुढची गोष्ट ऐकायला तुम्ही नसाल.)

कंडक्टरनं हिरवीचा तुकडा चावला. "गोड आहे," म्हणाला, वळला, तोंडावर रुमाल धरला. आजोबांना वाटलं, थुंकला. पण खारूटी एका फांदीवर बसून बघत होती. पाहुण्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. गटक्!

हा माणूस थुंकतच नाही!

खारूटीच्या डोक्यात जे शिरलं ते पायात उतरायला वेळ लागला नाही. ओढ्यापलीकडच्या वाकड्या झाडाखाली दरसाल लाल खडूअळंब्या उगवत. गेल्या साली तिथली एक चाखून आत्या ओढ्यात तोंड बुडवून बसली होती. खारूटीनं त्या मुळासकट उकरल्या, फ्रॉकचा ओचा भरला आणि भोळा चेहरा करून परत आली.

"आजोबा, या बघा केवढ्या!"

आजोबांनी एकेक पारखली. बांगडी नाही, पिशवी नाही, चीक नाही, काट् मोडते. "खडूच आहे. पण लाल आहे, जपून. पाहुणे, सांगा."

कंडक्टरनं तुकडा चावला. आधी काहीच नाही. मग कान लाल झाले. मग नाक. मग भांग सोडून सगळंच. खारूटी श्वास रोखून वाट बघत होती: आता ओरडेल, आता उडी मारेल, आता पळेल.

"कशी आहे?" आजोबांनी विचारलं.

कंडक्टरच्या गळ्याची घाटी वर गेली. तिथंच थांबली. मग खाली आली.

"गोड," तो म्हणाला. "फारच... गोड."

"डोळ्यांत पाणी आलं की हो!"

"झाडावरचं पडलं."

"वा! जीभ असावी तर अशी!" म्हणत आजोबांनी सगळ्या लाल अळंब्या टोपलीत ओतल्या, आधीच्या हिरव्यांच्या शेजारी. "आज पोटभर होणार. जावईबापूंच्या पायगुणानं!"

करायला गेली एक आणि झालं भलतंच. आता या टोपलीतलं आजोबा खाणार, आत्या खाणार, आई-बाबा गिरणीतून दमून येऊन खाणार. आणि खरं सांगून टाकावं, तर आजोबांचा कायदा पक्का होता: अळंबीशी थट्टा करील, त्याला जंगल बंद.

वाटेत आजोबा पुढे, टोपली डोक्यावर. मागे हे दोघं.

"तिखट होती ना?" खारूटी कुजबुजली.

"छे गं."

"मग ओठ का सुजलेत?"

"जन्मापासून असेच आहेत."

"थुंकला का नाहीत?"

"अगं, होणाऱ्या सासऱ्यासमोर थुंकू? बसमध्ये माझ्या डोक्यावरच पाटी असते, थुंकू नये म्हणून! सवयच नाही राहिली." त्याच्या पोटातून गुरगुर आवाज आला. "पण तुला कसं कळलं तिखट होती ते?"

खारूटीनं पायानं एक दगड लाथाडला.

"अगं कार्टे!" कंडक्टर थांबलाच. "मुद्दाम?"

"तुम्ही आत्याला नेणार ना!"

कंडक्टरनं डोकं खाजवलं. भांग पहिल्यांदाच मोडला. "बरं. ते भांडण नंतर. आधी ही टोपली. तू सांग आजोबांना."

"तुम्ही सांगा. गोड तुम्ही म्हणालात."

"मी सांगितलं तर खोटारडा ठरतो."

"मी सांगितलं तर माझं जंगल जातं."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी कंडक्टरला युक्ती सुचली. "बाबा, द्या टोपली माझ्याकडे, तुम्ही दमलात," म्हणून त्यानं ती घेतली आणि पुढच्याच चिखलात असा काही घसरला, की टोपली एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

"लागलं का हो?" आजोबा धावले. त्यांनी आधी पाहुण्यांना उचललं, मग गुडघे टेकून एकेक तुकडा वेचला. "मोडल्या तर मोडल्या. पोटात जाऊन अख्ख्या थोड्याच राहणार आहेत?"

घरी पोचले तर चूल पेटलेली, तवा तापलेला. आत्यानं टोपलीतली एक लाल उचलून हुंगली. "बाबा, ही चाखून बघते."

"खबरदार!" आजोबा म्हणाले. "पाहुण्यांनी चाखलंय. परत चाखलंस तर त्यांचा अपमान नाही का?"

आत्यानं हात मागे घेतला आणि तेल सोडलं. कंडक्टर भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पुसलेल्या पाटीसारखा. त्यानं एकदा तोंड उघडलं, "ते... म्हणजे... बाबा..." आणि मिटलं. बाहेर फाटक वाजलं. आई-बाबा आले. आत्यानं मूठभर लाल तुकडे उचलले.

खारूटीनं तिच्या हातातला एक ओढून घेतला आणि चावला.

"पोरी!" आजोबा ओरडले.

खारूटी क्षणभर थांबली. मग सगळ्यांच्या मधोमध, सारवून लखलखीत केलेल्या जमिनीवर, घरातल्या मोठ्या माणसांदेखत, ती जी काही थुंकली, त्याचा आवाज फाटकापर्यंत गेला.

"तिखट आहे! जाळ आहे! मीच आणल्या वाकड्या झाडाखालून. मुद्दाम आणल्या!"

आत्यानं एक तुकडा जिभेला लावला, खिडकीबाहेर थुंकली आणि सावकाश कंडक्टरकडे वळली.

"तुम्ही हे गोड म्हणालात?"

"हो."

"आणि चहा? त्यात साखर नव्हती ते मला आत्ता आठवलं."

"फक्कड होता," कंडक्टर कसाबसा म्हणाला. मग त्याच्या पोटानंच त्याला पुढचं बोलायला लावलं. "नव्हता. कडू होता. आणि ही अळंबी म्हणजे निखारा होता, आणि मी मघाशी मुद्दाम घसरलो, आणि मला जरा परसात जाऊ द्या!"

तो गेला. बराच वेळ आला नाही. आत्या आधी ओठ चावत होती, मग पदर तोंडात धरून खो खो हसत सुटली. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी लाल तुकडे बाजूला काढले, त्यांना लागलेले हिरवेही काढले, आणि सगळे खड्ड्यात पुरून आले.

"जंगल बंद," ते नातीला म्हणाले. "पुढच्या पावसापर्यंत."

"बरं," खारूटी म्हणाली. तिची जीभ अजून पेटलेली होती.

"बाबा, मला हा माणूस चालेल," आत्या डोळे पुसत म्हणाली. "पण एक अट. तोंडातलं बाहेर काढायला शिकला पाहिजे. भिडेपोटी गिळणाऱ्यासोबत मी जन्म नाही काढायची."

"मग शिकवणार कोण?" आजोबांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत खारूटीनं पाण्याचा तांब्या उचलला आणि परसात गेली. कंडक्टर कुंपणाला धरून वाकला होता. तिनं तांब्या त्याच्या हातात दिला, स्वतःचे दोन्ही गाल पाण्यानं टम्म फुगवले, कुंपणापलीकडच्या खुंटाकडे बोट दाखवलं, आणि अशी पिचकारी मारली की खुंटावरचा कावळा उडून गेला.

"आता तुम्ही," ती म्हणाली, आणि जागा द्यायला एक पाऊल बाजूला सरकली.